स्पॉन्सरचा रकाना

शनिवार, ५ फेब्रुवारी २००५. माबेला.

नाव अलीमियाँ परकार, राहणार सैतवडे, जिल्हा रत्नागिरी, वय छप्पन्न. डायरीत हे लिहायची काही गरज नव्हती, पण कोरा कागद दिसला की माझा हात आधी नाव लिहितो. सव्वीस वर्षं मस्कतच्या रुवीत महमूद अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, टायपिंगच्या ऑफिसात बसून लोकांचे फॉर्म भरतोय. अरबी मला वाचता येतं ते कुराणामुळे आणि टाइप करता येतं ते पोटामुळे.

ही डायरी कार्गोवाला दर वर्षी फुकट देतो आणि माझी बायको रईसा तिची पानं फाडून मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावते. यंदाची मी तिच्या हातून वाचवली, कारण घरात ऐतिहासिक घटना घडते आहे आणि ती नोंदवून ठेवायला माझ्याइतका लायक माणूस मस्कतात नाही. असं मी म्हणतो. दुसरं कुणी अजून म्हटलेलं नाही.

घटना अशी. उमामा, आमची एकुलती एक, तीन वर्षं मेलबर्नला कॉम्प्युटर शिकली. आता तिथेच कायम राहायचा परवाना मागते आहे. तो मिळाला की पुढे दोन वर्षांनी नागरिकत्व. अर्ज गेला आणि तिथल्या सरकारचं पत्र आलं की परदेशी विद्यार्थ्याला शिकत असेपर्यंत आजारपणाचा विमा सक्तीचा असतो, पहिल्या दीड वर्षाचा तुमचा पुरावा दिसत नाही, तो एकवीस फेब्रुवारीच्या आत द्या. नाही दिला तर अर्ज रद्द, आणि पोरीने देश सोडायचा. उरलेल्या दीड वर्षाचा पुरावा त्यांना कुठून मिळाला हे काही कळत नाही, कारण कार्डं सगळी माझ्याकडे आहेत. सरकारी कामात असं असतं.

हे मला पोरीने सांगितलं नाही. रईसाने सांगितलं, तेही भाकऱ्या थापताना, माझ्याकडे पाठ करून. मी लगेच मेलबर्नला फोन लावला. म्हटलं, विम्याचा फॉर्म बापाने भरलाय, उद्या फाइल काढतो. तर म्हणते, "अब्बा, तुम्ही टेन्शन नका घेऊ ना. फाइल नका काढू. आय विल मॅनेज." ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या फाइली काढल्या त्याला पोटची पोर सांगते फाइल काढू नका.

आजवर माझा एकही फॉर्म परत आलेला नाही. हे वाक्य मी रोज एकदा तरी बोलतो. समोरच्या मशीनवर बसणारा उत्तम, आमच्या संगमेश्वरचा, हल्ली मी तोंड उघडलं की माझ्याआधीच ते बोलून टाकतो.

रविवार, ६ फेब्रुवारी

फाइल काढली.

विम्याची तीन कार्डं आहेत, तीन वर्षांची, नीट पिन लावलेली. तिन्हींवर लिहिलंय: मिस्टर अलीमियाँ परकार. पुरुष. जन्म १९४९.

कार्डं उलटी करून पाहिली, मागे उमामाचं नाव असेल म्हणून. मागे फोन नंबर होता.

म्हणजे गेली तीन वर्षं ऑस्ट्रेलिया माझ्या तब्येतीची जबाबदारी घेऊन बसला आहे. मी लांबात लांब सलालापर्यंत गेलोय, तेही अर्बाबच्या मेहुण्याच्या लग्नाला. पण मेलबर्नच्या रस्त्यात मी घसरून पडलो असतो तर अँब्युलन्स फुकट होती. दातांच्या कामाचा यात समावेश नाही असं खाली बारीक अक्षरात छापलंय, तेवढ्यापुरतं जरा वाईट वाटलं, कारण माझी दाढ दुखते.

पोरीचा विमा नव्हताच. तीन वर्षं परक्या देशात पोर उघड्यावर होती आणि मी इथे पांघरूण घेऊन झोपलो होतो. जेवण गेलं नाही.

सोमवार, ७ फेब्रुवारी

चूक कशी झाली ते लिहितो. लाज वाटते, पण डायरीशी खोटं बोलायचं तर मग ती रईसाच्या डब्यांवरच बरी होती.

त्या फॉर्मचा पहिला रकाना होता पॉलिसीहोल्डर. पॉलिसीहोल्डर म्हणजे ज्याचा विमा तो, हे फॉर्मच्याच मागच्या पानावर छापलेलं आहे. माझ्याकडे त्याची कॉपी आहे. मागचं पान मी काल पहिल्यांदा वाचलं.

गल्फमध्ये कुठलाही फॉर्म घ्या, माथ्यावर स्पॉन्सरचं नाव, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर तुम्ही इथे राहता त्याचं. माझ्या कार्डावर अर्बाबचं, रईसाच्या कार्डावर माझं. उमामा खौलाच्या इस्पितळात जन्मली तेव्हापासून शाळेत, दवाखान्यात, एअरपोर्टवर सगळीकडे आधी माझं नाव आणि खाली ती. या हाताने असे हजारो फॉर्म भरलेत. त्या हाताने पॉलिसीहोल्डर वाचलं, स्पॉन्सर समजला, आणि माझं नाव, माझं वय, माझं लिंग भरून मोकळा झाला. पोरीला कुठे बसवावं म्हणून मी जागा शोधली, तर तळाशी 'शेरा' म्हणून एक ओळ होती. तिथे लिहिलं: उमामा, स्टुडंट, डॉटर ऑफ अबव्ह. वरच्याची मुलगी. मला आठवतं, हे लिहून मी स्वतःवर खूश झालो होतो. कंपनीने वरच्याला विमा दिला आणि खालचीकडे पाहिलं नाही. मग दर वर्षी रिन्युअल आलं, तेही मीच भरलं.

उत्तमला सांगावंच लागलं, कारण मी सकाळपासून एका बंगाली गवंड्याच्या फॉर्मवर उमामाचं नाव टाइप करत होतो. त्याने कार्ड हातात घेतलं, वाचलं, परत वाचलं. मग म्हणाला, "अलीभाय, म्हणजे तुमचा फॉर्म परत आला नाही हे खरंच. आला असता तर बरं झालं असतं."

रईसाला सांगितलेलं नाही. तिने विचारलं, "मिळाला काय पुरावा?" मी म्हटलं, इन्शाल्ला. या एका शब्दावर मी पुष्कळ गिऱ्हाइकं परत लावली आहेत. रईसा गिऱ्हाईक नाही. रात्रीच्या कालवणात मीठ नव्हतं.

बुधवार, ९ फेब्रुवारी

पोरीला सांगून टाकलं. दुपारी ऑफिसातूनच कार्ड घालून फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर उतरवून घेतलं होतं. "उमामा, तुझ्या बापाच्या हातून एक चूक झाली आहे," इथपर्यंत वाचलं आणि पुढचं दिसेना, चष्म्यावर वाफ आली होती.

मला वाटलं रडेल, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "ओके. अब्बा, आर यू ओके?" मी म्हटलं, माझं काय विचारतेस, माझा विमा आहे. तेव्हा हसली.

मग म्हणते, कंपनीचा एक डिक्लेरेशन फॉर्म आहे. पॉलिसीहोल्डरने सही करून लिहून द्यायचं की मी कधी ऑस्ट्रेलियात नव्हतो, हा विमा माझ्या मुलीसाठी होता. ते आलं तर कंपनी जुनी नोंद बदलू शकते. पॉलिसीहोल्डरच्या सहीशिवाय ते फाइल उघडतसुद्धा नाहीत. मी विचारलं, फॉर्म कुठून मिळेल? दहा मिनिटांत तो आमच्या फॅक्समधून बाहेर आला. पोरगी कामाची आहे. कोपऱ्यात फॉर्म छापल्याची तारीख होती, २००३. सरकारी असो की कंपनी, जुनेच फॉर्म खपवतात.

गुरुवार, १० फेब्रुवारी

डिक्लेरेशनची जागा सहा ओळींची होती. मी चार पानं जोडली.

त्यांत असं लिहिलंय: मी खाली सही करणारा अलीमियाँ शपथेवर सांगतो की मी ऑस्ट्रेलियात कधीही आजारी पडलो नाही, पडायचा प्रयत्न केला नाही, आणि पडायचा इरादाही नव्हता. सोबत माझ्या पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या कॉपी. सोबत माबेल्याच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट की सदर इसम या काळात माझ्याकडेच आजारी होता, एकदा ताप, दोनदा कंबर. प्रत्येक पानावर ऑफिसचा गोल शिक्का, अर्बाबचा चौकोनी शिक्का, आणि एक शिक्का 'ओरिजिनल' असा. उत्तम म्हणाला, हे पाहून ते तुम्हालाच नागरिकत्व देतील.

कागद तयार आहेत. पाठवायचे तेवढे राहिलेत.

शनिवार, १२ फेब्रुवारी

पाठवले नाहीत. फॅक्सचा रोल संपलाय.

उत्तम म्हणाला, "अलीभाय, रोल फॅक्स यायला लागतो. पाठवायला नाही लागत." मी म्हटलं, तुला मशीनमधलं काय कळतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आपलं टाइप करत बसला. त्याचा मुलगा धनंजय बारावीला आहे, उत्तमला काही गोष्टी न सांगता कळतात.

खरं ते लिहितो. काल जुम्म्याला घरी बसलो होतो. रईसाने उमामाच्या खोलीतले पडदे धुऊन परत लावले, ती दर महिन्याला लावते. आणि माझ्या मनात आलं की हे कागद नाहीच पाठवले तर अर्ज रद्द होईल आणि पोरगी घरी येईल. या खोलीत झोपेल. सकाळी मी रुवीला निघताना "अब्बा, सीटबेल्ट" म्हणेल. कुणी मला दोष देणार नाही, लोक म्हणतील बापाने चार पानं लिहिली, शिक्के मारले, बिचाऱ्याचं नशीब.

असला नालायक विचार मी केला, आणि पाच मिनिटं नाही, दोन दिवस केला. कागद गाडीच्या डॅशबोर्डवर आहेत. ऊन लागून शिक्क्याची शाई उडते आहे.

सोमवार, १४ फेब्रुवारी

मुदतीला सात दिवस उरले आणि आज माझंच कार्ड संपल्याचं कळलं.

माझं रेसिडेंट कार्ड दर दोन वर्षांनी नवं होतं, अर्बाबच्या सहीने. लोकांच्या तारखा मी तोंडपाठ सांगतो, स्वतःची चार दिवसांपूर्वी होऊन गेली. अर्बाब सलालाला गेला होता, काल रात्री परतला आणि थेट बरकाच्या वाडीवर. फोन लागेना. उत्तमला दुकान सांभाळायला सांगून निघालो. माबेल्याच्या पुढे पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या. सव्वीस वर्षं या रस्त्याने जातोय, पण आज स्टिअरिंगवर घाम होता. पोलीस पोरगेलाच होता, त्याने हाताने पुढे जा म्हटलं. पुढे गेल्यावर मी गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ नुसता बसलो.

अर्बाब खजुराच्या झाडाखाली शेळ्यांना गवत घालत होता. मी कागद पुढे केला. त्याने हात झटकले, माझ्याच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही ठोकली आणि म्हणाला, "अली, माफी मुश्किल, कोई बात नहीं. तू मेरा भाई है. मैं है ना." मग कहवा दिला, खजूर दिले, रईसासाठी लिंबांची पिशवी दिली. महमूद अर्बाब खरोखर सोन्याचा माणूस आहे. याचा बापही माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नाही.

कहवा पिताना त्याला खोकल्याची उबळ आली. दोन मिनिटं थांबेना. आणि मी त्याची पाठ चोळत होतो तेव्हा मला काय सुचावं? की याला काही झालं तर माझं कार्ड कोण करणार. भाई म्हणणाऱ्या माणसाचा जीव घाबरा झालाय आणि मी कार्डाची तारीख मोजतोय. पण ते खोटंही नाही. अर्बाबची तब्येत हाच माझा खरा विमा. सव्वीस वर्षं मी एका माणसाच्या चांगुलपणावर राहतोय, तो चांगला निघाला ही माझी कमाई नाही.

आणि मी पोरीला या छपराखाली परत बोलवायला निघालो होतो, कारण मला सकाळी सीटबेल्टची आठवण करून द्यायला कुणी नाही.

रुवीला परतायची वाट पाहिली नाही. बरकाच्या बाजारात एका मल्याळ्याच्या दुकानातून फॅक्स केला. चारही पानं. शाई उडाली होती तिथे मी पेनाने शिक्का गिरवला.

शनिवार, १९ फेब्रुवारी

सकाळी ऑफिस उघडलं तर फॅक्स येऊन पडला होता. कंपनीचं पत्र, उमामाच्या नावे, मला प्रत. मराठीत उतरवून ठेवतो.

"पॉलिसीहोल्डरचं निवेदन मिळालं. (चार पानांबद्दल आभार.) मूळ फॉर्मच्या शेऱ्यात 'डॉटर ऑफ अबव्ह' असा आपला उल्लेख आढळला. तसंच आमच्या नोंदीप्रमाणे ऑगस्ट २००३ मध्ये इस्पितळाने आपल्या तातडीच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी आमच्याशी संपर्क साधला होता. विमाधारक चौपन्न वर्षांचा पुरुष असल्याने तेव्हा आम्ही नकार दिला. त्याच वेळी आपण हा विमा आपल्यासाठी असल्याचं सांगितलं होतं आणि दुरुस्तीचा फॉर्म मागवला होता, तो सहीनिशी परत आला नाही. या दोन्ही गोष्टींवरून विमा आपल्यासाठीच होता हे आम्ही मान्य करतो. फेब्रुवारी २००२ पासून नोंद आपल्या नावे बदलली आहे. सोबत सर्टिफिकेट."

सर्टिफिकेट पाहून उत्तमने माझी पाठ थोपटली. मी म्हटलं, चुकून दुसऱ्या कुणाचं पत्र यात आलंय. आमच्या पोरीची कसली शस्त्रक्रिया?

मग एकेक आठवायला लागलं. ऑगस्ट २००३. तिने फोनवर विचारलं होतं की अम्मी तांदळाची पेज कशी करते. मी चार लोकांना सांगितलं होतं, पोरगी स्वयंपाक शिकते आहे. त्याच महिन्यात रईसाने रमजान नसताना सात रोजे धरले. मी म्हटलं होतं, वजन कमी करतेयस वाटतं. त्यानंतर पोरीने पहाटेच्या एका बेकरीत काम धरलं, वर्षभर केलं. मी फोनवर रागावलो होतो की परकारांच्या मुलीने पाव भाजायचे काय? ती म्हणाली होती, अब्बा, एक्स्पिरियन्स.

ती इस्पितळाचं बिल फेडत होती.

आणि तो २००३ सालचा फॉर्म. दहा मिनिटांत आला होता, कारण दीड वर्षं तिच्या कपाटात पडून होता. त्याला माझी सही हवी होती, आणि सही मागायची तर मला चूक सांगावी लागली असती. म्हणून तिने गुपचूप दुसऱ्या कंपनीचा विमा काढला आणि पुढचं दीड वर्ष झाकलं. मागचं दीड वर्ष ती झाकू शकली नाही. मी इथे दर वर्षी माझा विमा रिन्यू करत राहिलो.

दुपारी दुकान उत्तमवर सोडून घरी आलो. रईसा मासे साफ करत होती. कागद तिच्यापुढे धरला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण तिने माझं तोंड वाचलं.

"तुला ठाऊक होतं."

"पोरीन शपथ घातली व्हती. म्हणाली, अब्बांना सांगू नको. फॉर्म चुकलाय असा कळला, तर ते परत खुर्चीवर बसायचे नाय." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "तिच्या पोटाला टाके आनि तिला तुमच्या खुर्चीची काळजी. मी काय सांगनार?"

आमच्या ऑफिसात काही बिघडलं की आम्ही सगळे मिळून ठरवतो, अर्बाबला कळता कामा नये. त्याला त्रास नको, त्याचा स्वभाव चांगला आहे, आपण निस्तरू. सगळ्यात शेवटी कळतं ते अर्बाबला. माझ्या घरात तो अर्बाब मी आहे हे मला आज कळलं.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

सर्टिफिकेट मुदतीत पोचलं, तिने ते काल दिलं. हे रईसाकडून कळलं. मला फोन करायला तीन दिवस लागले.

"दुखलं का फार?"

"अब्बा, दॅट वॉज सो लाँग अगो."

"टाके किती होते?"

"आठवत नाही. सात? एट?"

"पेज जमली होती का?"

"नाही. खाली लागली. मग मी तशीच खाल्ली."

मला माफी मागायची होती. कागदावर लिहून घेतली होती, मराठीत आणि इंग्रजीत. कार्ड संपलं म्हणून फोन कटला. नवं कार्ड खिशात होतं, ते तिथेच राहू दिलं.

मंगळवार, १७ मे

उमामाचा परवाना आला. रईसाने आख्ख्या गल्लीत शीरखुर्मा वाटला, ईद नसताना. अर्बाबने पोरीसाठी लोबानचा डबा पाठवला. ऑफिसात एका गिऱ्हाइकाने विचारलं, फॉर्म बरोबर भराल ना? उत्तम सवयीने सुरू झाला, "अलीभायचा आजवर एकही—" आणि मध्येच थांबला. मी म्हटलं, मागचं पान वाचून भरतो.

विमा कंपनीचंही पत्र आलं. आपलं नाव नोंदीतून कमी करण्यात आलं आहे. आता मला ऑस्ट्रेलियात आजारी पडायची सोय राहिली नाही. उगाच जरा पोरकं वाटलं.

शनिवार, ९ जून २००७

दोन वर्षं काही लिहिलं नाही. ही डायरी वरच्या कपाटात होती म्हणून राहिली. गोनू वादळाने रुवीतल्या आमच्या ऑफिसात कमरेएवढं पाणी भरलं. सव्वीस आणि दोन, अठ्ठावीस वर्षांच्या फाइली गेल्या. मी आणि उत्तम चिखल उपसतोय, अर्बाबही लुंगी खोचून फावडं घेऊन आमच्यात आहे. मधेच बसतो, खोकतो, परत उठतो.

उमामाचा फोन चार दिवसांनी लागला. आधी रडली. मग लगेच तिचा ऑफिसचा आवाज लावून विचारते, "अब्बा, तुमचं आणि अम्मीचं हेल्थ कव्हर काय आहे तिकडे? आय मीन, इफ समथिंग हॅपन्स?"

मी म्हटलं, अर्बाब आहे.

ती म्हणाली, दोघांचे पासपोर्ट नंबर सांगा.

शुक्रवार, १४ डिसेंबर २००७

उमामाला नागरिकत्व मिळून दोन महिने झाले. सोहळ्याचा फोटो आलाय, हातात एक छोटं रोप आहे, तिथे देतात म्हणे. रईसाने विचारलं, झाडाचा काय नाव? फोटोत दिसत नाही.

आज कुरिअर आलं. आम्ही दोघांनी तिच्याकडे यावं म्हणून व्हिसाचे फॉर्म आणि त्यांना जोडलेले विम्याचे फॉर्म. सगळं भरून पाठवलंय. वर पिवळी चिठ्ठी, तिच्या वळणाच्या मराठीत, 'अब्बा, तपासुन सहि करा.' दोन शब्द चुकलेत, ते मी तसेच ठेवले.

पेन्सिल घेऊन बसलो. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव आहे, म्हटलं एक तरी चूक काढतोच. मागची पानं आधी वाचली. पुढची दोनदा वाचली. माझी जन्मतारीख बरोबर. रईसाचं माहेरचं नाव बरोबर, जे मीही दोनदा चुकवलंय. विमा कुणाचा, तर माझा आणि रईसाचा, बरोबर त्या रकान्यात. दाढेचं काम समाविष्ट. तिथे तिने मुद्दाम लाल पेनाने खूण केली आहे.

व्हिसाच्या फॉर्मवर माथ्याला मोठा रकाना होता. स्पॉन्सर. तिथे लिहिलंय: उमामा अलीमियाँ परकार. नागरिक. खाली, लहान अक्षरांत, माझं नाव.

मी बराच वेळ त्या दोन नावांकडे पाहत बसलो. रईसा चहा घेऊन आली, म्हणाली, "काय झाला? चुकलाय काय?"

"नाही," मी म्हटलं. "चुकलेलं नाही."

सगळ्यात तळाला शेऱ्याची ओळ होती. ती कुणी भरत नाही, ती मोकळी सोडली तरी चालते. उमामाने ती भरली होती: फादर ऑफ अबव्ह.

मी पेन्सिल ठेवली, पेन घेतलं, आणि खालच्याने जिथे सही करायची असते तिथे सही केली.